सासऱ्यांच्या गाडीतून निर्णा ते लातूर

लातूरच्या बसस्थानकावर आम्ही बीदरची बस पकडली तेव्हा आमच्याकडं दोन पिशव्या होत्या आणि त्यातल्या एकीत माझ्या बायकोनं, सुजातानं, गाडी पुसायची फडकी भरली होती. नवी, कोरी फडकी. घरातली जुनी चालली नसती का? तर नाही. "अप्पांच्या गाडीला जुनं फडकं कामून लावायचं?" असं उलट मलाच विचारलं. अप्पा (वडील) म्हणजे माझे सासरे. गेल्या हिवाळ्यात ते गेले. घर आणि रान थोरल्या मेहुण्याकडं राहिलं, गाडी लेकीला आली. ती आणायला आम्ही निघालो होतो. माझ्या स्कूटरला या बाईनं आजवर कधी फडकं लावल्याचं मला आठवत नाही.

आताच सांगून ठेवतो, हा प्रवास एका जळणाऱ्या माणसानं केलेला आहे. जिवंत माणसाचा हेवा सगळेच करतात, मी गेलेल्या सासऱ्यांचा करतो. अप्पा जनावरांचे डॉक्टर. सहा फूट उंच, आवाज खणखणीत, हुमनाबादपासून आळंदपर्यंत गाई-म्हशींसकट सगळे ओळखणारे. मी साडेपाच फुटांचा, एका कॉलेजात ग्रंथपाल. मला ओळखतात ती पुस्तकं वेळेवर न देणारी पोरं, आणि तीही मला पाहून रस्ता बदलतात. माझ्या वडलांकडं सायकल होती. ती कुणी ओळखल्याचं ऐकिवात नाही.

बीदरला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. त्या माळावर सगळंच तांबडं. माती तांबडी, दगड तांबडे, आणि बसस्थानकाबाहेरच्या चहावाल्याच्या बादलीतलं पाणीसुद्धा तांबूस. समोर सुसला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा तिखट उपमा) आणि मिरचीभजी मिळाली. पोट भरल्यावर मी एका दुकानातून बिद्रीची छोटीशी कीचेन घेतली. काळ्या धातूत चांदीची वेल. गाडीत माझं असं काहीतरी असावं म्हणून.

"चावीला दाव्याचा तुकडा बांधलेला हाय की," सुजाता म्हणाली. "अप्पांनी बांधलेला."

"तो जनावरांना. ही गाडी आहे," मी म्हणालो.

कीचेन मात्र मी खिशातच ठेवली.

हुमनाबादच्या बसनं फाट्यावर आणि तिथून रिक्षानं निर्ण्याला, तिच्या माहेरी, पोचलो. दारात धाकटे काका उभे होते, अप्पांचे भाऊ, शेतकरी माणूस. "जयभीम जावईबापू," म्हणाले, आणि पाणी देण्याआधी आम्हाला गोठ्याकडं घेऊन गेले. तिथं कडब्याच्या आडोशाला ती उभी होती. लांब पाठीची पांढरी डिझेल गाडी. अशी गाडी आताच्या पोरांनी पाहिलेलीही नसेल. पुढून मोटार, मागून टेम्पो. मागच्या सीटच्याही मागं डिकीत अप्पांनी लाकडी बाकडं ठोकून घेतलेलं. दारांच्या खाली गंजानं पत्रा चाळणीसारखा झालेला, एक आरसा सुतळीनं बांधलेला, टपावर चिमण्यांची घाण. सुजातानं कोरं फडकं काढलं आणि काच पुसता पुसता रडायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो बाजूला केला नाही, पण पुसणंही थांबवलं नाही.

गाडी सुरू होईना. सेल्फ नुसता खोकायचा. शेवटी काकांच्या ट्रॅक्टरला दोर बांधून हुमनाबादला न्यायचं ठरलं. मी स्टिअरिंगवर बसलो आणि पाय ब्रेकपर्यंत पोचेनात! सीट अप्पांच्या टांगेच्या मापानं मागं सरकवलेली आणि रुळातच गंजून घट्ट बसलेली. पाठीमागं उशी लावली तेव्हा कुठं पायाची बोटं टेकली. शेजारची सीट थोपटून मी सुजाताला म्हणालो, "ये."

ती मागं जाऊन बसली होती. मधल्या सीटवर, डाव्या खिडकीशी.

"पुढं अप्पांची औषधाची पेटी असायची," ती म्हणाली. "आम्ही सगळे मागंच बसायचो. मला हितंच बरं वाटतंय."

पेटी तर आता थोरल्या मेहुण्याच्या कपाटात होती. सीट रिकामी होती. त्या रिकाम्या सीटकडं बघत मी ट्रॅक्टरमागं ओढला गेलो आणि मनाशी ठरवलं की ही गाडी माझी करायची. माझा रंग, माझं माप, माझी बायको माझ्या शेजारी. दुसरं काही मला नको होतं.

ट्रॅक्टरमागून जाणं हा प्रवास नव्हे, वरात आहे. गाव संपेपर्यंत लोक ओट्यावरून उठून उभे राहिले. एक म्हातारा काठी टेकत पुढं आला, गाडी हळू चाललेली बघून त्यानं डिकीचं दार सरळ उघडलं आणि आत बाकड्यावर बसला. पुढं आणखी दोन बाया बसल्या. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. मी वळून बघत राहिलो.

"अहो, हे कोण?"

"हुमनाबादला जायलेत," सुजाता म्हणाली, जणू एवढ्यानं सगळं समजायला हवं होतं.

हुमनाबादच्या गॅरेजात एक वयस्कर मेस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी बोनेट उघडण्याआधी टपावर हात ठेवला आणि डोळे मिटले. मला वाटलं, झालं, इथंही सुरू!

"डाक्टरसाब की गाडी है जमाईराजा," चाचा म्हणाले. "मेरी भैंस दो बार बचाए उनों."

"सीट पुढं घ्या आधी," मी म्हणालो.

"हौ, उनों की टांग लंबी थी." आणि माझ्या टांगेकडं पाहून ते हसले.

नवे भाग परवडणारे नव्हते, म्हणून चाचांनी एका मोडीतल्या गाडीचा सेल्फ काढून बसवला, पाण्याच्या नळ्या बदलल्या, इंजिन तापवणारे हीटर बदलले. सीटचा रूळ मात्र हटून बसला. तेल सोडलं, हातोडी घातली, आरीनं कापायची भाषा झाली. शेवटी ती सीट कर्रर्र करून पुढं आली तेव्हा मला निवडणूक जिंकल्यासारखं झालं. काम आठवडाभर चाललं. आम्ही निर्ण्याला मुक्काम करून रोज बसनं जा-ये करायचो. कडक भाकरी, शेंगाचटणी, पातळ डाळ, आणि जेवताना अप्पांच्या गोष्टी. अप्पांनी रेड्याचं हाड कसं बसवलं. अप्पांनी तलाठ्याला कसं झापलं. माझ्या ताटात वाढताना काकी म्हणायच्या, "डॉक्टर चार भाकरी खायचे." मी दोन खायचो.

सीटला कव्हर घालायचं तर बाजारातलं रेक्झिन महाग पडत होतं. काकींनी तोड काढली. आमच्याकडं गोधडी म्हणतात तिला तिथं कौदी म्हणतात. तशा कौदीची कव्हरं त्यांनी हातानं शिवली. रंगीत तुकडे, बारीक टाके, सुंदर काम. मी हात फिरवून कौतुक केलं. मग ड्रायव्हरच्या सीटवरचे निळे-पांढरे चौकडे ओळखीचे वाटले.

"हे कापड..."

"अप्पांचे शर्ट," सुजाता म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "टाकून कुठं द्यायचे?"

म्हणजे आता मी सासऱ्यांच्या मांडीवर बसून गाडी चालवायची! मी हसलो. हसावंच लागतं. जावयानं तोंड वाकडं केलं तर गावभर होतं.

हुमनाबादहून गुलबर्ग्याकडं (पाट्यांवर कलबुरगी लिहिलेलं, लोकांच्या तोंडी अजून गुलबर्गाच) निघालो तेव्हा गाडी सुरेख पळत होती. दोन्ही बाजूंना तुरी कापून झालेल्या, काळी रानं, मधेच ज्वारीचे हिरवे पट्टे. आणि दर फाट्यावर हात! पांढरी गाडी दिसली की माणसं उठून उभी राहायची. कुणी "बर्री डॉक्टरऽ!" (या डॉक्टर) म्हणून ओरडायचं, मग काचेतून मला बघायचं आणि त्याचा चेहरा पडायचा. चेहरा पडलेली इतकी माणसं मी एका दिवसात कधी पाहिली नाहीत. आणि त्या सगळ्यांचा चेहरा माझ्यामुळं पडला होता. तरी ती डिकी उघडून बसायचीच. मागून सुजाता त्यांच्याशी कानडीत, मराठीत, मधेच उर्दूत बोलायची, खळखळून हसायची. माझ्या शेजारी कोण होतं? तर केळीची फणी. कमलापूरला घेतलेली, तिथली ती लाल केळी.

एक केळं सोलून मागं देत मी शेवटी विचारलं, "ही डिकी तुमचे अप्पा उघडी का ठेवायचे? कुणी काही चोरलं असतं तर?"

तेव्हा गाडीत दुसरं कुणी नव्हतं. सुजातानं केळं खाऊन संपवलं आणि सांगितलं. अप्पा निर्ण्याहून हुमनाबादच्या शाळेला चालत जायचे. गावातल्या बैलगाड्या त्याच वाटेनं जायच्या, रिकाम्या. पण ह्यांच्या वस्तीतल्या पोराला गाडीत कुणी बसू द्यायचं नाही. पावसात चिखल तुडवत पोरगं चालतंय आणि शेजारून रिकामी गाडी चालली आहे. "नोकरीत गाडी घेतली तवा म्हणाले, माझ्या गाडीत बसायला कुणी इचारायचं न्हाई. इचारायला लावणं हेच वाईट. दार उघडायचं अन् बसायचं." मग ती म्हणाली, "ज्यांनी बसू दिलं न्हाई, त्यांच्या घरची माणसं बी बसायची. अप्पा कुणाला काही बोलले न्हाईत."

आता सांगा, अशा माणसाचा हेवा तरी कसा करावा? मान खाली घालावी. मला खरंच भरून आलं. आणि त्याच वेळी, कसं सांगू, हेवा वाढला. वाटलं, माणसानं इतकं मोठं असावं कशाला! दुसऱ्या कुणाला जागाच उरत नाही.

गुलबर्ग्यात सुजाता मावसबहिणीकडं थांबली आणि मी गाडी रंगाऱ्याकडं नेली. मोडीच्या बाजारातून आरसा घेतला, दारांना पत्र्याचे जोड मारले, वर लांबी (पुट्टी) भरली. रंगारी तरुण होता, कानाला फोन. "सेम पांढरा ना सर?"

सुजातानं मला सकाळी तेच सांगितलं होतं. अप्पांचा पांढरा. मी त्याच्या भिंतीवरच्या रंगांच्या पट्ट्या बघितल्या आणि माझ्या तोंडून निघालं, "चॉकलेटी." मग म्हणालो, "अन् डिकीला कुलूप बसवा. चांगलं, आपोआप लागणारं." त्याला काय, रंग तो रंग.

गाडी तयार झाली आणि खोटं का बोलू, राजेशाही दिसत होती. ऊन पडलं की तांब्यासारखी चमकायची. बिद्रीची कीचेन मी चावीला लावली. मावसबहिणीच्या दारात हॉर्न वाजवला. सुजाता बाहेर आली आणि गाडीवरून नजर पुढं नेऊन रस्त्यावर मला शोधायला लागली. तिलाच ओळखू आली नव्हती. मग तिनं मला पाहिलं, पायऱ्या उतरून आली, बोनेटवर बोट फिरवलं.

"छान हाय," म्हणाली.

भांडली असती तर बरं झालं असतं. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. पांढरा लवकर मळतो, चॉकलेटीवर ओरखडे दिसत नाहीत, चोरीची भीती. एकही कामी आलं नाही. ती मागं जाऊन आपल्या खिडकीशी बसली.

परतीचा रस्ता तिनंच ठरवला होता. निंबर्ग्याला अप्पा बरीच वर्षं दवाखान्यात होते, तिचं लहानपण तिथलं. "खरी अप्पांची माणसं त्या रस्त्याला भेटतील," असं ती निर्ण्यापासून म्हणत आली होती. निंबर्गा जवळ आलं तशी तिनं काच खाली केली, केस नीट केले. पहिला थांबा आला. झाडाखाली सात-आठ माणसं होती. त्यांनी गाडीकडं बघितलं आणि परत आपापसांत बोलायला लागली. दुसरा थांबा. एक बाई धूळ उडाली म्हणून तोंडाला पदर लावून वळली. गावात दवाखान्यासमोर मी गाडी हळू केली. कट्ट्यावरच्या कुणी मान वर केली नाही. गाववाला आहे की पाहुणा, याचंही कुणाला पडलेलं नव्हतं.

माझ्या मनासारखं झालं होतं. गाडी माझी झाली होती, शंभर टक्के. हात वर नाही, चेहरा पडणं नाही, "डॉक्टर" नाही. मी आरशातून मागं बघितलं. सुजाता खिडकीबाहेर बघत होती आणि तिचा हात खिडकीच्या कडेवर होता, अर्धा उचललेला. कुणी हात केला तर लगेच करता यावा असा. गाव संपलं तरी तो हात तसाच होता. मग तिनं तो मांडीवर ठेवला आणि काच वर केली.

मला वाटलं, मी काय केलं हे! बाई वडलांना एकदा पुरून आली होती. मी तिला दुसऱ्यांदा नेलं.

आळंदकडं वळणाऱ्या फाट्यावर बसची वाट बघत चार माणसं थांबली होती. मी ब्रेक दाबला, उतरलो. "आळंदला जायचंय? बसा."

त्यांनी माझ्याकडं संशयानं बघितलं. एका पंचेवाल्यानं विचारलं, "किती घेनार?"

"काही नाही. ही डॉक्टरांची गाडी आहे."

"कुटल्या डॉक्टरांची?"

"जनावरांच्या. निर्ण्याच्या. तुमच्या दवाखान्यातल्या."

"उगं कामून फसवायलास बाबा?" मागं गाठोड्यावर बसलेली एक म्हातारी म्हणाली. लुगडं विटलेलं, नजर मात्र तिखट. "त्यांची गाडी पांढरी होती."

"रंग बदललाय आजी. मी बदललाय."

ती उठली, गाडीच्या मागं गेली, डिकीची मूठ ओढली. दार हललं नाही. "डॉक्टरांच्या गाडीला कुलूप न्हवतं," तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

मी चावी घेऊन धावलो. घाईत कुलूप उघडेना. चार अनोळखी माणसांसमोर घामाघूम होऊन मी शपथा घेत होतो, "खरंच डॉक्टरांची गाडी आहे हो! मी त्यांचा जावई! अप्पांचीच गाडी आहे ही!" ज्या माणसाचं नाव पुसायला मी गुलबर्ग्यात पैसे मोजले होते, त्याच्याच नावानं भर उन्हात मी गयावया करत होतो. आणि कुणाचा विश्वास बसत नव्हता.

तेवढ्यात सुजाता उतरली. म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून तिच्याकडं बघितलं.

"सुज्जी न्हवं का तू? डॉक्टरांची?"

"व्हय आजी."

झालं! माझ्या इतक्या बोलण्यानं जे झालं नाही ते तिच्या नाकाडोळ्यांनी झालं. म्हातारीनं तिच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली, पंचेवाला "कुंद्री, कुंद्री" (बसा, बसा) म्हणत सगळ्यांना ढकलायला लागला. तोवर कुलूप उघडलं होतं. दोघं बाकड्यावर बसले, एक गाठोडी सांभाळत मधल्या सीटवर, आणि म्हातारी, तिला गुडघे लांब करायचे म्हणून, डाव्या खिडकीशी. बरोबर सुजाताच्या जागेवर.

सुजाता रस्त्यावर उभी राहिली. मी काही बोललो नाही. देवाशपथ, एक शब्द बोललो नाही. तिनं पुढचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी बसली.

आळंदपर्यंत तिनं माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. माझ्याकडं पाठ करून, सीटवर गुडघा टेकून, ती मागं वळून बोलत होती. अप्पांनी म्हातारीच्या गाईचं वासरू अर्ध्या वाटेवर ह्याच बाकड्यावर कसं सोडवलं हे मी संपूर्ण ऐकलं. जळलो. का नाही जळणार? पण शेजारीच बसून जळत होतो, त्यातही जरा गंमत होती.

आळंदला सगळे उतरले. म्हातारीनं मला आशीर्वाद दिला, "डॉक्टरावानी व्हा." मी "हो" म्हणालो. आणखी काय म्हणणार?

गाडी उमरग्याच्या रस्त्याला लागली. मागची सीट रिकामी होती. मी वाट बघत होतो की ती आता म्हणेल, थांबवा, मी मागं जाते. ती सरळ होऊन बसली. समोर उतार होता, उताराखाली ज्वारीची रानं, आणि त्यातून रस्ता पार आभाळापर्यंत गेलेला. ती बराच वेळ बघत राहिली.

"पुढनं असा दिसतो व्हय रस्ता?" ती म्हणाली. "अप्पांनी मला कधी पुढं बसूच दिलं न्हाई."

मी गाडी हळू केली. मला इतका आनंद झाला की त्याची लाजच वाटली. हुमनाबादपासून आळंदपर्यंत त्या माणसानं मुक्या जनावरांना, शत्रूंना, वाटसरूंना, सगळ्यांना सगळं देऊन ठेवलं होतं. एवढा एक रस्ता त्यांच्याच लेकीला द्यायचा राहून गेला होता.